पाठमोरं यान : 'डिफेंडर', १९८१ आणि २००२

मागच्या खेपेला आपण नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा सुरुवातीचा काळ बघितला. आज एकाच नावाच्या दोन खेळांबद्दल बोलायचंय. पहिला 'डिफेंडर' १९८१ चा. तो शिकागोच्या विल्यम्स कंपनीचा, म्हणजे मूळच्या पिनबॉलवाल्यांचा. दुसरा 'डिफेंडर' २००२ चा, मिडवे कंपनीने प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबसाठी काढलेला. नाव तेच, काही शत्रूंची नावंही तीच. माझी तक्रार अशी आहे की नावं सगळी उचलली आणि खेळ तेवढा मागे राहिला.

आधी जुना खेळ समजून घेऊ, कारण इथल्या तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला नसेल. यूजीन जार्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. जमिनीवर दहा माणसं उभी आहेत. ती काही करत नाहीत, इवलीशी असतात. वरून लँडर नावाची यानं येतात, एकेका माणसाला उचलतात आणि वर घेऊन जातात. लँडर माणसासकट पडद्याच्या माथ्यापर्यंत पोचला की त्याचा म्यूटंट होतो आणि तो तुमच्यावर अक्षरशः तुटून पडतो. त्याआधी लँडरला उडवलं तर माणूस खाली पडू लागतो. त्याला हवेत झेलायचं, ५०० गुण. जमिनीवर नीट ठेवायचं, आणखी ५००. आणि हो, तुमची स्वतःची गोळी लागूनही तो मरतो! घाईत बेछूट गोळीबार केलात तर ज्याला वाचवायला निघालात त्यालाच मारून मोकळे होता.

आता खरी गंमत. हे जग पडद्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. उजवीकडे जात राहिलात तर फिरून पुन्हा तिथेच येता. पडद्यावर एका वेळी त्याचा छोटा तुकडा दिसतो. पण वरच्या बाजूला एक पट्टी आहे, स्कॅनर. त्या पट्टीत अख्खं जग ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतं. कोण कुठे आहे, कोणाला उचललंय, लँडर किती वर पोचलाय, सगळं. घरात दुसरं काम करताना आपला एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे असतो ना, तसं. फरक इतकाच की इथे चार ठिकाणी दूध ठेवलंय आणि चारही एकदम वर येतंय.

म्हणजे खेळाडूला सगळं माहीत आहे, पण सगळीकडे पोचता येत नाही. डावीकडे एकाला नेतायत, उजवीकडे दुसऱ्याला. कुठे जाणार? ज्याला सोडलं त्याचा म्यूटंट होऊन येतो. दहाही माणसं गेली तर तो ग्रहच फुटतो, पायाखाली जमीन उरत नाही आणि उरलेले सगळे लँडर म्यूटंट होतात. तरी खेळ संपत नाही! त्या पोकळीत तुम्ही खेळत राहता. ग्रह परत मिळतो, पण दर पाचव्या फेरीनंतर. त्या काळच्या किती खेळांनी खेळाडूला असं त्याच्या निवडीसोबत राहायला लावलं होतं, मला सांगा.

नियंत्रणं अवघड होती, हे कबूल. जॉयस्टिकने फक्त वर-खाली, बाकी सगळं पाच बटणांवर. त्यातलं एक बटण मला फार महत्त्वाचं वाटतं, रिव्हर्स. दाबलं की यान जागच्या जागी उलटं. जग आहे तिथेच असतं, फक्त तुमचं तोंड फिरतं.

आता २००२. कथा आली, चित्रफिती आल्या, मोहिमा आल्या. मँटी नावाचे परग्रहवासी आहेत, माणसं सूर्यमालेतल्या वसाहतींमध्ये विखुरली आहेत. इथवर माझी काही हरकत नाही. पण कॅमेरा गेला यानाच्या मागे, आणि तिथे घात झाला. कॅमेरा मागे असला की समोरचं झकास दिसतं, पाठीमागचं गायब होतं. रडार देऊन भागत नाही. चहूबाजूंना पसरलेल्या जगात लँडर किती उंच गेला हे सपाट नकाशावर एका नजरेत कळत नाही, तो अर्थ लावत बसावा लागतो. तुम्ही वळलात की अख्खं दृश्य फिरतं, आणि आपण कुठे आहोत हे पुन्हा शोधा. रिव्हर्सच्या बटणात जी सुरी होती ती बोथट झाली.

माणसं इथेही आहेत, त्यांना उचलायचं, सुखरूप पोचवायचं. पण काम मोहिमेपुरतं. फसलं तर मोहीम पुन्हा खेळा. गेलेला माणूस पुढच्या दहा मिनिटांत तुमच्या मानगुटीवर बसत नाही. वाचवणं म्हणजे यादीतली एक ओळ झाली. काही समीक्षकांनी तेव्हा हा खेळ बरा म्हटला होता, आणि उडत-उडत गोळ्या झाडायचा खेळ म्हणून तो वाईट नाहीच. त्यावर 'डिफेंडर' लिहिलं नसतं तर मीही इतका वेळ घालवला नसता.

एक आक्षेप हमखास येतो: "अहो, २००२ मध्ये त्रिमिती नसती तर खेळ विकला कोणी घेतला असता?" याची दोन उत्तरं. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, याच मिडवेने याच यंत्रांसाठी जुन्या खेळांचा एक संग्रह काढला, आणि त्यात १९८१ चा 'डिफेंडर' होता. म्हणजे जुनं विकायची लाज कंपनीलाच नव्हती. आणि दुसरं, फिनलंडच्या हाउसमार्कचा 'रेसोगन', २०१३. सगळं त्रिमितीत, पण खेळ एका नळकांड्याच्या पृष्ठभागावर चालतो. यान बाजूनेच दिसतं, आणि नळकांड्यापलीकडची बाजूही दिसत राहते. जगच स्वतःचं स्कॅनर झालं! त्यातही माणसं वाचवायची आहेत, आणि त्यांना उशीर चालत नाही. त्यावर 'डिफेंडर' हे नाव कुठेही नाही. पुढे याच हाउसमार्कबरोबर स्वतः जार्विस यांनी 'नेक्स मशिना'वर काम केलं, तो २०१७ मध्ये आला.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. प्रोजेक्टरवर दोन्ही खेळ लावतोय, आधी १९८१ चा. मधल्या यानाकडे बघत बसू नका, वरच्या पट्टीकडे बघा. आणि डावीकडचा तो ठिपका वर सरकायला लागला की मला ओरडून सांगा.