समन्वयाचं ओझं कुणाच्या खांद्यावर?

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या काळजीसाठी ॲप बनवायचं, यात तत्त्वज्ञानाचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे. त्या ॲपमधला प्रत्येक रकाना हा एक निर्णय असतो. कुणाचं म्हणणं नोंदवायचं आणि कुणाचं नाही, हे आपण तिथे ठरवत असतो.

एक उदाहरण घेऊ. सेरेब्रल पाल्सी असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा आहे, त्याला फिट्सही येतात. डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढवला. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या बाई लिहितात, 'वर्गात लक्ष नाही.' स्पीच थेरपिस्ट लिहितात, 'प्रतिसाद कमी.' फिजिओथेरपिस्ट लिहितात, 'लवकर थकतो.' सगळ्या नोंदी खऱ्या. पण त्या वेगवेगळ्या खणांत पडून राहिल्या, तर पोरावर आळशीपणाचा शिक्का बसतो. त्याच नोंदी तारीखवार एका पानावर आल्या, तर ही औषधाची गुंगी तर नाही ना, ही शंका कुणाला तरी येईल आणि डॉक्टरांना विचारलं जाईल. विभागवार आखणी केली की नेमकी ही शंकाच हरवते. माहिती साठवली म्हणजे समन्वय झाला, असं आपण धरून चालतो, ते चूक आहे.

आता बघा, आज हा समन्वय करतं कोण? बहुतेक घरांत आई. हातात जाड फाईल आणि प्रत्येक दारात तीच कहाणी पहिल्यापासून. ॲप आलं की आपण म्हणतो, सोय झाली. पण रिपोर्टचे फोटो काढायचे तिनेच, रोजच्या नोंदी भरायच्या तिनेच, त्याही बऱ्याचदा इंग्रजीत! एव्हा फेडर किटे या अमेरिकी तत्त्वज्ञ स्वतः गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीच्या आई. 'लव्हज लेबर' या १९९९ च्या ग्रंथात त्या सांगतात, की काळजी घेणाऱ्याला आधार देणं हे समाजाचं देणं आहे. म्हणून नोंद ज्याची, त्याने ती भरावी, आणि आईला कळेल अशा मराठीत.

आणि खुद्द मुलाचं काय? आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती मागितली आहे. ती हवीच. पण अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला, त्याचं सातवं कलम म्हणतं, की अशा मुलालाही त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारी मदत मिळण्याचाही. बोलता न येणारं मूल चित्रावर बोट ठेवून 'हा व्यायाम दुखतो' सांगू शकतं. त्या बोटासाठी आपल्या ॲपमध्ये जागा आहे का?

तेव्हा कुणी असं ॲप दाखवायला आणलं, तर पडद्याचे रंग नंतर बघू. आधी विचारू, की आईची किती कामं यानं कमी झाली, आणि मुलाचं 'नको' यात कुठे उमटतं?