नाशिकची वाईन टूर शोधनिबंधासारखी वाचली तर

मागच्या फेब्रुवारीत एका परिषदेसाठी नाशिकला गेले होते. शेवटच्या दिवशी आम्ही चौघं पीएचडीवाले गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत टूरला गेलो. तिकीट, पाऊण तासाचा फेरफटका, चार-पाच वाईनचे घोट, मग जेवण. मजा आली. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी तिथे तोंड पाडून बसले होते. पण परतीच्या गाडीत लक्षात आलं, की ती टूर म्हणजे एक शोधनिबंधच होता. दावे होते, थोडे पुरावे होते, आणि 'मर्यादा' नावाचा भाग मात्र कुणीतरी फाडून घेतला होता. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, तर लिटरेचर रिव्ह्यूचा सराव म्हणून ही टूर माझ्यासोबत पुन्हा एकदा करा.

पहिला दावा गच्चीवरून समोरचा मळा दाखवत केला गेला: "नाशिकचं हवामान युरोपसारखं आहे, म्हणून इथे वाईन होते." ऐकायला गोड. पण नकाशा उघडा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, बोर्दो जवळपास ४५ वर. माझं गाव मुकुटबन, यवतमाळ जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, नाशिकच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, आणि एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे युरोप आठवत नाही, एवढं नक्की. नाशिकला फरक पडतो तो सुमारे ६०० मीटर उंचीमुळे आणि हिवाळ्यातल्या थंड रात्रींमुळे. म्हणजे कारण आहे, पण गाईडने सांगितलं ते नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरद ऋतूत, हवा थंड होत असताना फळ पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, जिच्यातून काड्या तयार होतात आणि त्या काड्यांमध्ये पुढच्या घडाची सोय होते. मग पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिच्यातून घड येतो. काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे हवा तापत जात असताना. युरोपच्या बरोब्बर उलट! पिकण्याच्या काळात तापमान चढतं तेव्हा साखर लवकर वाढते, आम्ल लवकर उतरतं, आणि काढणीचा दिवस ठरवणं ही डोकेदुखी होते. ही या प्रदेशाची स्वतःची, शिकण्यासारखी गोष्ट आहे. आणि टूरमध्ये 'खरड' आणि 'गोडी' हे दोन शब्द एकदाही आले नाहीत. आपलं वेगळेपण झाकून दुसऱ्यासारखं असल्याचा दावा करायचा, हा दोष तुम्हाला भारतीय प्रबंधांच्या प्रस्तावनांमध्येही ढिगाने सापडेल.

इतिहासाचा फलक भिंतीवर होता आणि तो १९९० च्या दशकात सुरू होत होता. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परत येऊन वाईनची द्राक्षं लावली, २००० मध्ये सुलाची पहिली वाईन आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं: हे खरंच आहे आणि महत्त्वाचंही. पण त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन करून परदेशात विकली होती. ती कंपनी पुढे बंद पडली. अपयशी प्रयोग फलकावर येत नाहीत, जसे ते जर्नलमध्येही येत नाहीत.

आणखी मागे गेलात तर पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरत असल्याची नोंद आहे. दख्खनमधल्या उत्खननांत सापडलेल्या अशा मातीच्या कुपींना बराच काळ सरसकट 'रोमन' म्हटलं गेलं. मग रोबर्टा टॉम्बर यांनी भारतात सापडलेली खापरं पुन्हा तपासली आणि दाखवलं, की त्यातली बरीचशी रोमन नाहीतच, ती इराकच्या बाजूच्या, आतून डांबर लावलेल्या 'टॉर्पेडो' रांजणांची आहेत. नवीन उत्खनन नाही. जुन्याच पेट्या उघडून बघितल्या. फंड नाही म्हणून रडणाऱ्यांनी (मीही त्यात आहे) हे लक्षात ठेवावं.

चाखण्याच्या टेबलावर आमच्यातल्या एकाने तो प्रसिद्ध प्रयोग काढलाच: पांढऱ्या वाईनमध्ये लाल रंग टाकला आणि तज्ज्ञ फसले, म्हणजे वाईन चाखणं ही सगळी भंकस. मूळ पेपर वाचा. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू, २००१. त्यात ५४ जण होते, ते बोर्दोमधले वाईनशास्त्राचे विद्यार्थी होते, नामांकित परीक्षक नव्हते. त्यांना वासाचं वर्णन करायचं होतं, आणि रंगवलेल्या पांढऱ्या वाईनला त्यांनी लाल वाईनचे शब्द लावले. निष्कर्ष असा, की वासाला नाव देताना डोळे ढवळाढवळ करतात. 'सगळी भंकस' हा निष्कर्ष पेपरचा नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. गाईडने मात्र ग्लास पुढे करण्याआधीच "यात पेरूचा वास येईल" असं सांगून टाकलं होतं. मग आम्हा चौघांनाही पेरू आला. येणारच!

रेड वाईन हृदयाला चांगली, हेही ऐकलं. रेसवेराट्रोल. एका लिटरमध्ये ते साधारण काही मिलिग्रॅम असतं, आणि माणसांवरच्या चाचण्यांत शेकडो मिलिग्रॅमचे डोस दिलेत. भागाकार तुम्हीच करा. पुढे जाऊ.

जेवणात पिझ्झा होता, पास्ता होता, चीजची पाटी होती. गेटबाहेर अर्ध्या किलोमीटरवर चुलीवरची मिसळ उकळत होती. तिखट रश्श्यासोबत थंड, किंचित गोड चेनिन ब्लांक कशी लागते, हा प्रयोग त्या वायनरीने ग्राहकाला करू दिला नाही. आम्ही बाटली विकत घेतली आणि संध्याकाळी खोलीवर, पार्सल मिसळीसोबत केला. नमुना चार जणांचा, नियंत्रण गट शून्य, पण चौघांचंही मत चांगलं पडलं.

आता माझं दुखणं. मी मोहफुलांवरच्या रानटी यीस्टवर काम करते. झरी जामणी तालुक्यात, आमच्या मुकुटबनच्या आजूबाजूच्या कोलाम-गोंड पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचतात. वाळवतात, खातात, विकतात आणि दारूही गाळतात. माझा प्रस्ताव मांडला तेव्हा समोरच्या एका ज्येष्ठांनी हसून विचारलं, "हातभट्टीवर पीएचडी?" सगळे हसले. त्याच दिवशी माझ्याआधी एकाने वाईनच्या यीस्टवर मांडणी केली होती, तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

तुलना सरळ नाही, हे मान्य. वाईन आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली. अल्कोहोलचं प्रमाण वेगळं, आणि गावोगावी दारूने झालेली घरांची राख मी स्वतः पाहिली आहे. शेजारच्या वर्ध्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी उगाच आली नाही. पण आंबण्याची पायरी दोन्हीकडे तीच. फरक कायद्याच्या इतिहासात आहे. इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठीच वेगळा कायदा केला, १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलं आली, आणि फुलं गोळा करण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंध राज्याने उठवले ते थेट २०२१ मध्ये. द्राक्षाच्या वाईनला त्याच्या २० वर्षं आधी धोरण आणि करसवलत मिळाली होती. ज्या पदार्थाला धोरण मिळतं त्याला प्रयोगशाळा मिळते, मग पेपर मिळतात, आणि मग रिव्ह्यू लिहिताना तुम्हाला वाटतं की दुसऱ्या पदार्थात अभ्यासण्यासारखं काही नसावं, कारण संदर्भच सापडत नाहीत.

माझ्या प्रस्तावाचं शीर्षक मी त्या हसण्यानंतर बदललं होतं. 'मोह' काढून 'एक वनोपज पुष्प' असं काहीतरी गुळमुळीत घातलं होतं. नाशिकहून आल्यावर गाईडला फोन केला, आमच्या वायनरीतल्या नव्हे, माझ्या पीएचडीच्या, आणि शब्द परत घालायची परवानगी मागितली. मॅडम म्हणाल्या, "फॉर्म पुन्हा भरावा लागेल." भरला. पुढच्या आठवड्यात गावी निघतेय, फुलं पडायला लागलीत म्हणून आईचा निरोप आहे.