कराचीचं काळं छप्पर

(व्याख्यानाचं शब्दांकन)

...तर मंडळी, शिरूर-दौंडच्या श्रोत्यांसमोर एअरशिपच्या हँगरवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न येणारच, की आपल्याकडे एअरशिप होतं कधी? नव्हतं. पण आपल्या इलाख्यात त्याचं घर होतं. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणजे शिरूर आणि कराची एकाच सरकारच्या कागदांत नांदत होते. कराचीत मराठी माणसंही होती; नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा तिथे आहे.

या कराचीत ब्रिटिशांनी 1920 च्या दशकात सुमारे साडेआठशे फूट लांबीचं पोलादी हँगर उभं केलं. इंग्लंड ते हिंदुस्थान एअरशिप चालवायची, प्रवासी आणि टपाल न्यायचं, वेळ पडली तर फौजही न्यायची, अशी ती योजना. 4 ऑक्टोबर 1930 च्या संध्याकाळी आर-101 हे एअरशिप कार्डिंग्टनहून कराचीला निघालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. 54 पैकी 48 माणसं गेली, त्यांत हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. योजनाच गुंडाळली. कराचीच्या त्या हँगरमध्ये एकही एअरशिप कधी शिरलं नाही. लोक त्याला 'काला छपरा' म्हणत राहिले आणि 1960 च्या दशकात ते पाडलं गेलं.

आता माझी तक्रार ऐका. या हँगरवर मी जे जे वाचलं, त्यातल्या बहुतेक लेखांत तीनच गोष्टी असतात: लांबी-उंची, आर-101 चा अपघात आणि 'बिचारं रिकामंच राहिलं' हा उसासा. अहो, पण एवढी अजस्र दारं सरकत कशी होती? पोलादाचे भाग जागेवर चढवले कुणी? एअरशिप आलंच नाही, मग तीस वर्षं त्या छपराखाली काय चालायचं? इमारतीचा इतिहास म्हणजे तिच्यात काय घडायला हवं होतं याचा इतिहास नव्हे. जे घडलं, ते कुठे आहे?

अमेरिकेत 1933 पासून जुन्या इमारती मोजून, रेखाटून ठेवायचा सरकारी उपक्रम आहे. 1969 मध्ये त्याला कारखाने, पूल, यंत्रं यांची जोड मिळाली. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यात एक मेख आहे. 'कागदावर उतरवलं ना, आता पाडा', अशी सोयही त्यातून होते. मला ती सोय मान्य नाही. नकाशा म्हणजे इमारत नव्हे.

तरीही नकाशा आधी हवा. कॅलिफोर्नियातल्या टस्टिनचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई म्हणून नौदलाने तिथे लाकडी हँगर बांधली, हजार फुटांहून लांब. 1975 पासून ती राष्ट्रीय वारसा यादीत होती. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यातलं उत्तरेकडचं पेटलं. यादीने आग विझत नसते! तिथून उत्तरेला मॉफेट फील्डवर वेगळीच अडचण झाली: हँगरच्या पत्र्यांत विषारी रसायनं निघाली, पत्रे उतरवले, सांगाडा राखला. यावर वाद घालणाऱ्यांना पोलाद काय, पत्रा काय, सगळं ठाऊक होतं, म्हणून तर वाद घालता आला. कार्डिंग्टनच्या दोन शेड आजही उभ्या आहेत, एकीत चित्रपटांचं शूटिंगही झालं. कुणी नाक मुरडेल, मी मुरडणार नाही. भाडं देणारा माणूस छपराची गळती आधी बघतो.

आणि आपल्या घरात काय? शिरूर ही कंपनीच्या फौजेची छावणी. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. 1809 मध्ये इथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला लोक 'सत्पुरुष' म्हणून नैवेद्य दाखवत, हे 1885 च्या पुणे गॅझेटिअरमध्ये नोंदलंय. म्हणजे थडग्याला भाविक मिळाले. पागेला, कोठाराला, दाणागोट्याच्या खोलीला कोण मिळणार? दौंडला 1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला, तेव्हापासून जंक्शन. जंक्शन म्हटलं की शेड आलीच, तेलाने काळवंडलेली. तिला नैवेद्य नाही, शिलालेख नाही, सेल्फीही नाही.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली आहे, 'आम्ही काय करायचं?' आधी परवानगी काढा, रेल्वेची हद्द आहे. मग टेप घेऊन दोघं जा. दाराची रुंदी, खांबांमधलं अंतर, पत्रा कुठला, रिव्हेट की वेल्डिंग, लिहून काढा. आणि तिथे नोकरी केलेला कुणी निवृत्त फिटर गावात असेल तर त्याच्याकडे आधी जा, शेड चार महिने थांबेल.