खांबाची मागची बाजू

नेरला शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका गुरुजींनी संगणकावर अजिंठ्याच्या लेण्याचे त्रिमिती दृश्य दाखवले. कळ दाबली की पुढे जायचे, वळायचे, खांबाला वळसा घालायचा. नेरहून अजिंठा सरळ रेषेत सव्वादोनशे कि.मी.; दरवर्षी सहल कुठली निघणार? तेव्हा सोय उत्तमच. पण खांबामागचे नक्षीकाम मला जरा जास्तच गुळगुळीत वाटले. विचारले तेव्हा कळले, मूळ छायाचित्र एकच होते! खांबाची मागची बाजू कॅमेऱ्याने पाहिलीच नव्हती. ती संगणकाने अंदाजाने भरली होती.

समोर पेन्सिल धरून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. भिंतीच्या तुलनेत पेन्सिल सरकलेली दिसते. या सरकण्यावरून अंतर काढता येते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळची जोडछायाचित्रे घेतली ती याच तत्त्वावर. फर्ग्युसन यांच्या वर्णनासह ती १८६४ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. (गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या तैलप्रती मात्र बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या.) जोडचित्रांतून खोली कळते, पण आत फिरता येत नाही. त्यासाठी अनेक जागांवरून घेतलेली छायाचित्रे लागतात. २००६ साली अमेरिकेत पर्यटकांच्या शेकडो छायाचित्रांतले समान बिंदू जुळवून पॅरिसच्या नोत्र दामची रचना संगणकात उभी केली गेली. बामियानची मोठी बुद्धमूर्ती २००१ साली उद्ध्वस्त झाली. तिचे प्रतिरूप झुरिकच्या शास्त्रज्ञांनी १९७० सालच्या मोजणी-छायाचित्रांवरून बनवले. ही मोजमापे झाली. गुरुजींच्या खांबाची पाठ ही कल्पना. पडद्यावर दोन्ही सारखीच खरी दिसतात आणि वर्गातल्या मुलाला फरक कळायला काही मार्गच उरत नाही. दृश्य बनवणाऱ्याने तो कुठे लिहिलेलाही नव्हता.

माझा आक्षेप तंत्राला नाही. अजिंठ्यापेक्षा गावातली जुनी वेस किंवा पायविहीर घ्या, पडझड होण्याआधी. भोवती फिरत पन्नास-साठ छायाचित्रे काढा. प्रत्येकात आधीच्या छायाचित्राचा निम्म्याहून अधिक भाग आला पाहिजे. नुसत्या छायाचित्रांवरून आकार कळतो, माप कळत नाही. म्हणून एक मीटरपट्टी दृश्यात ठेवा. मग पायरीची उंची पडद्यावर मोजा, प्रत्यक्ष टेपने मोजा, आणि फरक का आला ते मुलांनाच विचारा. पाणी हलते, चमकते. तिथले बिंदू जुळणार नाहीत आणि दृश्यात भोक पडेल. ते तसेच राहू द्यावे.