बाह्य अनुदान आणि अध्यापकाचा वेळ

संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पुस्तके, उपकरणे, प्रवास यांच्या रकमा मांडल्या जातात. अध्यापकाचा वेळ मात्र बहुधा फुकट धरला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले व संशोधनासाठी किमान ६ तास राखण्यास सांगितले. नित्याच्या वाचन-लेखनालाच अपुऱ्या पडणाऱ्या या ६ तासांत पुरस्कृत प्रकल्प बसवणे कठीण आहे.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन प्रकल्पातून अध्यापकाला वर्षाकाठी साधारणतः दोन महिन्यांपर्यंतचे वेतन देते. वेळेची किंमत तेथे मान्य आहे, आणि मर्यादेमुळे अध्यापनाचे प्राधान्यही टिकते.

आठवड्याला ४ तासिकांची सूट म्हणजे ३० आठवड्यांत १२० तासिका. त्या घेणाऱ्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन प्रस्तावातच मागितले पाहिजे. अन्यथा तो भार सहकाऱ्यांवर पडतो. विषयाला एकच अध्यापक असेल तेथे वर्गच रिकामा राहतो. प्रकल्पाचा मान संस्थेला आणि नुकसान विद्यार्थ्याचे, हा व्यवहार शिक्षणसंस्थेला शोभणारा नाही.