फोटोतून काका कुठे गेला?

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी इन्स्टाग्रामवर तिफणीचा एक फोटो टाकला. ब्लॅक अँड व्हाइट. ओली काळी माती, तिच्यात रुतलेले तीन फण, वर चाडं आणि मागे भरून आलेलं आभाळ. खाली ओळ लिहिली : ‘लुप्त होत चाललेली तिफण, बुलढाणा जिल्हा.’ एरवी माझ्या फोटोंना तीस-चाळीस लाइक्स मिळतात. ह्याला दीड हजार मिळाले. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि आठवड्याभरात कोपऱ्यात भलत्याच कोणाचं तरी नाव आणि वर ‘जुनं ते सोनं’ असं लिहून आमच्याच फॅमिली ग्रुपवर परत आला.

आजीने तो काकूच्या फोनवर पाहिला आणि मला फोन लावायला सांगितला.

“हे त आपलीच तिफन व्हय ना रे?”

“हो.”

“मंग फोटोत तुहा काका कुठी गेला?”

काका होता. मी त्याला कापला होता.

मूळ फोटोत काका एक हात तिफणीच्या रुमण्यावर ठेवून दुसऱ्या हाताने मोबाइलवर बोलतोय. अंगात क्रिकेट टीमचा निळा टी-शर्ट. मागे धुऱ्यावर खताची पांढरी गोणी आणि डाव्या कोपऱ्यात शेजाऱ्याचा लाल ट्रॅक्टर. मी टी-शर्ट, मोबाइल, गोणी आणि ट्रॅक्टर कापले, त्यांच्यासोबत काकाही गेला. उरलेला रंग काढून टाकला. हे सगळं करताना मी फोटो ‘स्वच्छ’ करतोय असंच मला वाटत होतं.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. वरच्या चाड्यात मुठीने बी सोडत जायचं. ते नळ्यांतून उतरतं आणि तीन फणांनी पाडलेल्या तीन तासांत पडतं. आमचं गाव चिखली तालुक्यात आहे. आमच्याकडे सोयाबीन ट्रॅक्टरनेच पेरतात. पण टेकाडावरच्या दीड एकरात ट्रॅक्टर तिरपा होतो, तिथे तूर आणि मूग तिफणीने. बैलजोडी डवरणीसाठी ठेवावीच लागते, मग तिफणीला वेगळा खर्च नाही. म्हणजे माझ्या फोटोतली तिफण लुप्त नव्हती. त्या दिवशी सकाळी ती कामावर होती.

तेव्हापासून मी ‘लुप्त होत चाललेलं’ ह्या जातीचे फोटो वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तुमच्याही फीडमध्ये ते असतातच : जातं, उखळ, कंदील, पोस्टाची लाल पेटी, एसटीडी बूथ, पत्र्याचा ‘टूरिंग टॉकीज’चा बोर्ड. ह्या फोटोंचं एक ठरलेलं व्याकरण आहे. वस्तू मधोमध, एकटी. उजेड संध्याकाळचा. माणूस नाही, असलाच तर सुरकुतलेला हात, चेहऱ्याशिवाय. आणि आजच्या काळाची एकही खूण नाही. हे फोटो देखणे असतात. माझी तक्रार त्यांच्या देखणेपणाबद्दल नाही. फोटो एखादी वस्तू कशी दिसते ते दाखवू शकतो. ती संपली, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते आपण सांगतो, काय कापायचं आणि खाली काय लिहायचं ते ठरवून.

ह्या व्याकरणाचा एक मोठा गुरू अमेरिकेत होऊन गेला. एडवर्ड कर्टिस. १९०७ ते १९३० ह्या काळात त्याने तिथल्या मूळ रहिवासी जमातींवर ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ नावाचे २० खंड काढले. पहिल्याच खंडासोबतच्या चित्रसंचातल्या पहिल्या चित्राचं नाव ‘द व्हॅनिशिंग रेस’, म्हणजे नाहीशी होत चाललेली जमात. घोड्यांवर बसलेली माणसं पाठमोरी, अंधाराकडे चाललेली. १९१० साली त्याने पिएगन जमातीच्या दोन माणसांचा त्यांच्या तंबूत बसलेला फोटो काढला. मूळ काचेवर त्या दोघांच्या मधोमध एक गजराचं घड्याळ आहे. छापलेल्या चित्रात ते नाही. खरवडून, रंगवून काढून टाकलं.

घड्याळ गेलं की काय होतं? त्या दोघांना कुठेतरी वेळेवर जायचं होतं, काहीतरी विकत घ्यायचं होतं, ते १९१० सालात जगत होते, हे सगळं जातं. उरतात दोन पुतळे. कर्टिसवर अन्यायही नको करायला. त्याने मेणाच्या नळकांड्यांवर त्या लोकांची गाणी आणि भाषा हजारोंनी नोंदवून ठेवल्या, आणि ते काम आजही त्या त्या जमातींना उपयोगी पडतं. पण त्याच्या कॅमेऱ्याने एक निकाल आधीच लावला होता आणि पुरावा त्याप्रमाणे छाटला. ‘नाहीशी होत चाललेली’ पिएगन जमात आजही मोंटाना राज्यात राहते.

माझा ट्रॅक्टर म्हणजे कर्टिसचं घड्याळ. फरक एवढाच की त्याला काच खरवडायला मेहनत पडली असणार, मला बोटाने कोपरा आत ओढावा लागला.

आता उलटं उदाहरण, जिथे वस्तू खरोखर संपली. १९४७ साली कोरिया संस्थानाचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव ह्यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. हे संस्थान आजच्या छत्तीसगडमध्ये. मेलेल्या तीन चित्त्यांसोबत उभ्या महाराजांचा फोटो प्रसिद्ध आहे. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानतात; १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. फोटो काढताना मात्र तो नामशेष होण्याचा फोटो नव्हताच. तो मर्दुमकीचा होता. ही शिकारीची हकिगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलकडे आली, तेव्हा संपादकांनी ती छापली, पण सोबत आपला संतापही छापला.

ती टीप मला ह्या विषयावरची सगळ्यात चांगली समीक्षा वाटते. संपादकांनी काहीही कापलं नाही. महाराज, बंदूक, मेलेले प्राणी, सगळं तिथेच राहिलं. त्यांनी फक्त काय झालं आणि कोणी केलं हे नीट सांगितलं. ‘लुप्त झालं’ ह्या शब्दांत कर्ता नसतो. पाऊस पडला तसं लुप्त झालं. चित्त्याच्या त्या फोटोत कर्ता चौकटीत उभा आहे, म्हणून तो फोटो बघताना हळहळ वाटायच्या आधी प्रश्न पडतो.

हीच फूटपट्टी जरा घराजवळ लावू. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी ‘शकुंतला’ नावाची नॅरोगेज रेल्वे धावायची. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने टाकलेला हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीचा राहिला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे.

शकुंतलेचे फोटो शोधा, शेकड्याने सापडतील. गवतात बुडालेले रूळ, गंजलेला डबा, ओस स्टेशन, मावळता सूर्य. खाली ‘आठवणीतली शकुंतला’. ह्यातले काही फोटो खरोखर सुंदर आहेत. पण पन्नास फोटो पाहूनही मला कळत नाही की त्या गाडीने कोण जायचं, ती बंद झाल्यावर ते लोक आता कसे जातात आणि तिचं ब्रॉडगेज का झालं नाही. तिथले लोक ब्रॉडगेजची मागणी वर्षानुवर्षं करतायत. म्हणजे त्यांच्या लेखी शकुंतला ही आठवण नाही, अडलेलं काम आहे. आपण फोटोखाली ‘आठवण’ लिहितो तेव्हा त्यांचा अर्ज आपणच निकाली काढतो.

आणि आमच्या जिल्ह्याकडे तर ज्याचा फोटोच निघू शकत नाही अशी एक रेल्वे आहे. कापसाच्या बाजारपेठेसाठी जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तो फाटा आजही चालू आहे. तिथून पुढे चिखलीवरून जालन्याला जाणारी लाइन मात्र ब्रिटिश काळापासून मागणीत, सर्व्हेत आणि भाषणात आहे. गंजायला रूळच नाहीत, त्यामुळे तिच्यावर कोणी हळवं रील करत नाही. काय गेलं ह्याचे फोटो निघतात. काय आलंच नाही ह्याचे निघत नाहीत. आपल्या हळहळीचा हिशोब असा एकतर्फी असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, निदान फोटो तरी राहील ना. मलाही तेच वाटायचं. आमच्या लोणारच्या मंदिरांचे १८६०च्या दशकातले फोटो रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढले. हा तोच गिल, ज्याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. लेण्यांतली चित्रं झिजतायत, निदान नकला राहतील, असा विचार होता. कित्येक वर्षं खपून त्याने केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. अजिंठा अजून आहे. नक्कल मुळापेक्षा जास्त टिकते ह्याची काही हमी नसते. गिलने हे काम करू नये असं मी म्हणत नाही. त्याच्या लोणारच्या फोटोंमुळे आज आपल्याला तेव्हाचं आणि आताचं ताडून बघता येतं. पण ते शक्य होतं, कारण फोटो कुठला, कोणी काढला, कोणत्या काळात, ही माहिती त्याला चिकटून राहिली.

माझ्या तिफणीच्या फोटोची ती माहिती पहिल्याच फॉरवर्डला गेली. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी असेल तर जागासुद्धा लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातलं बहुतेक गळून पडतं. जागा गेली, तारीख गेली, माझं नाव गेलं. ‘लुप्त’ तेवढं टिकलं, कारण ते माणसांनी लक्षात ठेवलं.

आमच्या धंद्यात ‘डेप्रिकेटेड’ असा एक शब्द आहे. कोडचा एखादा तुकडा अजून चालू असतो, पण त्याच्यावर शिक्का मारलेला असतो : हे पुढे-मागे जाणार, नवं काही ह्याच्या भरवशावर बांधू नका. शिक्का मारण्याआधी एक नियम पाळायचा असतो. हे अजून कोण कोण वापरतंय ते शोधायचं. न शोधता काढलं की रात्री दोन वाजता फोन येतो. रोज ऑफिसात हा नियम पाळणारा मी, घरच्या तिफणीवर शिक्का मारताना समोर उभ्या काकाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्याचा फोन रात्री दोनला आला नाही, दिवाळीत समोरासमोर आला. कोणी एक जण हायवेवरच्या नव्या हॉटेलात शोभेला ठेवायला जुनी अवजारं गोळा करत फिरत होता. त्याच्या मोबाइलमध्ये माझाच फोटो होता. गावातल्या कोणीतरी त्याला आमचं घर दाखवलं. त्याने तिफणीचे पाच हजार देऊ केले. काकाने नाही म्हटलं, कारण पुढच्या जूनमध्ये टेकाड पेरायचं होतं. मला सांगताना हसत म्हणाला, “इकून टाकू का मंग? तूच लिवलं ना, संपली म्हून.”

मला हसू आलं नाही.

आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, तिफणीचं काय घेऊन बसले, सुतार अजून आहे, फण मोडला तर बसवून देतो. मूठ कुठे आहे आता? आमच्या घरात बी सोडायचं काम आजीचं होतं. चालत्या बैलांच्या चालीने, न थांबता, सारखं बी सोडायचं. गुडघ्यांमुळे तिचं शेतात जाणं बंद झालं. काकूची मूठ आजीसारखी पडत नाही, कुठे दाट होतं, कुठे खाडे पडतात, हे काकूच सांगते. म्हणजे आमच्या शेतातून खरोखर काही जात असेल तर ते आजीच्या बोटांत आहे, आणि त्याचा फोटो मला सुचलाही नव्हता, कारण तो दिसायला काहीच नाही. मूठ तर कोणाचीही मूठच.

आजीला अंगणात बाजेवर बसवून, समोर चाडं धरून, गहू घेऊन मी तिच्या हाताचा व्हिडिओ केला. चार मिनिटांचा. मध्ये ती काकूवर ओरडते, पोराचा क्रिकेटचा आवाज येतो, एक कोंबडी गहू टिपून जाते. काहीच कापलं नाही. काकूने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, अंगठा असा धरायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी टेकाडावर पुन्हा फोटो काढला, रंगीत, आणि तोही टाकला. छत्तीस लाइक्स. त्याच्या खाली लिहिलं : ‘तिफण. तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. टेकाडावरचं दीड एकर, तूर आणि मूग. रुमण्यावर काका, चाड्यावर काकू. मागचा ट्रॅक्टर शेजाऱ्यांचा, तो इथे चढत नाही.’