शिडाची खालची कड

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती सांगलीच्या घाटावरून बघत मोठं झालेल्या माणसाचं सगळं लक्ष वल्ह्याकडे असतं. शिडाची गोडी मला लागली ती गोव्याच्या ‘तारिणी’मुळे. दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ही ५६ फुटी नौका २०१७ मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली.

अशा नौकेचं पुढचं मोठं शीड, जेनोआ, डोलकाठीच्याही मागे येतं. बघणारे त्याची उंची बघतात, फुगलेलं पोट बघतात. माझी नजर खालच्या कडेवर जाते, कारण खरी अडचण तिथे आहे. माणूस पाण्यात पडू नये म्हणून डेकच्या काठाने साधारण दोन फुटी खुंटांवर तारा ताणलेल्या असतात. त्या लाइफलाइन. वारा तिरका समोरून घेताना शीड नेमकं त्यांच्यावर रेलतं. कापडाला मोड पडते, आकार बिघडतो आणि रात्रंदिवस घासून शिवण उसवते.

शर्यतवाले कड डेकला टेकेल इतकी खाली उतरवतात, म्हणजे शिडाखालून हवा निसटत नाही. पण दिशा बदलली की ती तारेबाहेर लोंबते आणि कुणीतरी पुढे धावत जाऊन, ओचा सावरावा तशी, आत घ्यावी लागते.

लांबच्या सफरीचं शीड बेतणाऱ्याची नजर निराळी. त्याची कड नाळेपासून मागे चढत जाते, तारेच्या वरून अलगद सरकते. पुढच्या कोपऱ्याला हातभर दोर जोडून अख्खं शीडही उचलता येतं. थोडी हवा वाया जाते खरी. पण लाटेचं पाणी शिडावर आदळत नाही आणि सुकाणूवरून समोरचं दिसतं. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणीवरून पृथ्वी पालथी घातली. एक विसावा घेत असताना दुसरीला कड सावरायला अंधारात पुढे जावं न लागणं, याचं मोल किती!

कोपरा उचलला की शीट नावाच्या दोराची कप्पीही मागे घ्यावी लागते. ती फार पुढे राहिली तर शिडाची मागची कड ताणते, खालची ढिली पडते. फार मागे गेली तर नेमकं उलटं. ही जागा बोटबोट सरकवत शोधणारा खलाशी बघितला की मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर आठवतो. तारेखालचा दोरा केसभर हलवून तोही तंबोऱ्याची जवारी अशीच जुळवतो. फक्त तो कानाने, हा कडेची फडफड बघून.

माझा सगळ्यात जास्त जीव मात्र ठिगळावर. शीड शिवणारा चांगला कारागीर नवं शीड नौकेवर चढवून बघतो. खुंटाचं टोक कुठे लागतं, डोलकाठीचा आडवा हात कुठे, तिथे पेन्सिलने खूण करतो. मग त्या खुणांवर जाड कापड बसवतो. कोपरे गोल, म्हणजे उचकटणार नाहीत. टाके नागमोडी, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटणार नाही. त्या जागा त्या एका नौकेच्याच मापाच्या.

गोव्यात धक्क्यावर अशी नौका दिसली, शीड उघडलेलं असलं, तर ते ठिगळ जरूर शोधा. खालच्या कडेजवळ, खुंटाच्या उंचीला असतं.